बद्द वाजणारी जागा

फायबरची होडी तपासायला मी दोन रुपयांचं नाणं वापरते. भाईंच्या कारखान्यात कापणारी, घासणारी, भोकं पाडणारी सगळी यंत्रं आहेत. बुडाच्या आत काय झालंय ते सांगणारं एकही नाही. म्हणून नाण्याची कड बुडावर हलकेच मारायची, बोटभर सरकायचं, पुन्हा मारायची. आतलं सगळं एकजीव असेल तर आवाज खणखणीत येतो. आतून सुटलं असेल तर बद्द. खात्री करायला मी फोनवर तो आवाज घेते. चांगल्या जागी सूर दोन हजार हर्ट्झच्या वर असतो, सुटलेल्या जागी आठ-नऊशेवर येऊन बसतो.

कर्ली खाडीच्या काठी, देवबागच्या वरच्या अंगाला हा कारखाना आहे. कणकवलीच्या कॉलेजातून फिजिक्स घेऊन बीएस्सी झाले आणि जुलैत इथे लागले. भाईंना होड्यांच्या तपासणीचे कागद ठेवायला कोणीतरी हवं होतं. ओळखही होती. निलेशदादाची, म्हणजे माझ्या सख्ख्या भावाची होडी मे महिन्यात इथेच बांधून झाली होती. सप्टेंबरपासून तो तिच्यातून देवबागला येणाऱ्या पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला समुद्रात नेत होता.

ती भाईंची नव्या पद्धतीची पहिली होडी. आधी ते बुडाला फायबरचा एकच जाड थर द्यायचे. आता दोन पातळ थर आणि मधे बाल्साच्या ठोकळ्यांचा गाभा. बाल्सा म्हणजे बाहेरच्या देशांतून येणारं, हातात घेतलं तर वजनच जाणवत नाही असं लाकूड. क्रीमच्या बिस्किटासारखी ही रचना. तिन्ही एकमेकांना घट्ट धरून आहेत तोवर होडी हलकीही आणि ताठही. त्यांना चिकटवणारं रेझिन सुटलं की दोन पातळ चकत्या उरतात, आणि त्या सुटल्यात हे बाहेरून कोणाला दिसत नाही. रंग तसाच, चकाकी तशीच, पाण्याचा थेंब आत येत नाही.

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी मी त्या पद्धतीची दुसरी होडी वाजवत होते. ती साच्यातून नुकतीच निघाली होती. बुडाच्या मधोमध जाणाऱ्या कण्याच्या डाव्या बाजूला, वीतभर अंतरावर, आवाज अचानक बसला. चार बोटं पुढे गेल्यावर पुन्हा उठला. मी बद्द जागांभोवती मार्करने रेषा मारत गेले आणि ते सगळे डाग आलेख कागदावर उतरवले.

गाभा बसवताना हवा अडकली असती तर डाग कुठेही, कसेही पडले असते. हे तसे नव्हते. कण्याच्या दोन्ही बाजूंना, जवळजवळ सारख्या अंतरावर, कमानीसारखे वाकलेले पट्टे होते. एकाखाली एक. प्रत्येकाची रुंदी नऊ-दहा सेंटिमीटर. मी बराच वेळ कागदाकडे बघत बसले. मग होडीखाली जाऊन एका पट्ट्यावर माझा तळवा ठेवला. तो रुंदीला बरोबर बसला. हात खांद्यापासून फिरवला तर कमानही बसली.

कोणीतरी बाहेरच्या थराच्या आतून हात फिरवला होता.

भाईंना विचारून मी एका पट्ट्यातून पाच सेंटिमीटरची चकती कापली. बाहेरचा थर ओढावा लागला नाही. उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा हातात आला. आमच्याकडे रेझिनचा वास इतका असतो की जेवणाच्या डब्यालाही तोच येतो. पण चकती नाकाशी नेली तेव्हा त्या वासाखाली दुसरा वास होता. माशाचा.

"ह्यां मेस्तांचा काम," भाई म्हणाले.

बाबली मेस्त सत्तरीचे. उभ्या आयुष्यात लाकडाच्या होड्या बांधल्या. आता लाकडाची होडी कोणी बांधून घेत नाही, म्हणून भाईंनी त्यांना गाभ्याचे ठोकळे कापून बसवायचं काम दिलं होतं. त्यांच्या दोन ठोकळ्यांच्या मधे ब्लेडचं पातं शिरत नसे. पोरं जेवायला गेली की ते एकटेच साच्यात उकिडवे बसून काम करत राहायचे.

"मेस्तकाका, ह्या लाकडाक तुमी काय लावलास काय?" मी विचारलं.

"तेल," ते लगेच म्हणाले. कोणी विचारतंय याची वाटच बघत असल्यासारखे. "मुशी माशाचा. घराकडसून हाडलंय."

"कित्याक?"

"कित्याक म्हंजे? लाकूड ना तां? पाण्यात जातला. तेल नाय प्यालला लाकूड दोन वर्सांत कुसता. ह्या भाईक कोणी शिकवूक नाय, म्हणान मीच लावलंय."

"खंयच्या बाजूक?"

"पाण्याच्या. फक्त बुडाक. हातान चोळलंय, मगे फडक्यान बरा पुसलंय. वायच जरी ओला दिसला तर ही पोरां बोंब मारतत."

भाईंनी कपाळाला हात लावला. "ओ मेस्तानू, तेलार रेझिन धरणा नाय हो!"

"माका कोणी सांगलेलां?" मेस्त ताठ झाले. "माका म्हणालास, ठोकळे बसव. बसयलंय. एकतरी ठोकळो हलता काय, बघ."

मी चकती त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटी करून पाहिली, मग नाकाशी नेली. बाहेरचा थर अंगठ्याने सरकवला, पुन्हा जागेवर ठेवला, पुन्हा सरकवला. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. जो प्रश्न मी आधी विचारायला हवा होता तो मला तेव्हा सुचला.

"काका, निलेशदादाच्या होडयेक पण लावलास?"

ते चकतीकडेच बघत होते. "तेका तर तेलाचे दोन हात दिलंय," ते म्हणाले. "तो आमच्यातलो झील, दर्यात जातलो. तेच्या होडयेक कमी करीन?"

दादाचा फोन लागेना. पलीकडे समुद्रात रेंज नसते. मी स्कूटर काढली आणि देवबागच्या खाडीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिले. नदी जिथे समुद्राला मिळते त्या संगमावर लाटा आडव्या-उभ्या येतात, आणि प्रत्येक होडीला जाताना-येताना त्यांच्यावर आपटतच जावं लागतं. पांढऱ्या ठिपक्यांमधला दादाचा कुठला ते इतक्या लांबून ओळखता येत नव्हतं. वीस मिनिटांनी तो आला. होडीत सात-आठ माणसं, सगळी भिजलेली आणि हसत. दादाही हसत होता.

माणसं उतरल्यावर ट्रॅक्टरने होडी वाळूवर ओढून जुन्या टायरांवर टेकवली. मी टायरांच्या मधे, ओल्या वाळूत पाठीवर पडून नाणं मारायला सुरुवात केली.

दुसऱ्या होडीत पट्टे होते. इथे पट्टे एकमेकांत मिसळत चालले होते. कण्याच्या डाव्या बाजूचा सर्वांत मोठा डाग लांबीला अडतीस सेंटिमीटर. तिथे अंगठा दाबला तर बूड अगदी किंचित आत जायचं आणि सोडल्यावर परत यायचं.

"काय गो, म्हशीचा दूध काडतस?" दादा वाकून म्हणाला.

मी त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मग स्वतः मुठीने बुडावर दोन ठोसे मारले.

"दीड महिनो चलता ही. पाण्याचो थेंब आत नाय. आणि तू नाणा वाजवन सांगतस, होडी खराब?"

"थेंब इलो काय तेव्हा उशीर झाल्लो असतलो, दादा."

"माझा टकला वाजवन बघ. थंय पण बद्दच वाजतला."

शेजारी त्याचा दोस्त मितेश स्वतःच्या होडीचं इंजिन पुसत होता. तो म्हणाला, "तेचा जल्मापासून बद्द हा, संचिता. तेका नाणा कित्या होया!"

दोघं हसले. मी डागाच्या कडेने मार्करची रेषा मारली आणि तारीख घातली.

मंगळवारी भाईंनी मला ऑफिसात बोलावलं. ऑफिसात ते नेहमी शुद्ध बोलतात. "दुसरी होडी मी थांबवली आहे. निलेशची होडी दिवाळीची गर्दी आटपली की परत घेतो, बूड कापून नवीन करून देतो. माझा शब्द. तोवर कागदावर काही लिहू नकोस."

"आत भोकं पाडून रेझिन भरलं तर चालणार नाही," मी म्हटलं. "तेल तिथेच राहील."

"म्हणून तर बूड कापतो म्हणालो ना?"

भाईंनी शब्द पाळला असता याबद्दल मला शंका नव्हती. पण दिवाळीची गर्दी आटपायला अजून तीन आठवडे होते.

मी रोज संध्याकाळी देवबागला जायला लागले. सोमवारी अडतीस सेंटिमीटर होता तो डाग मंगळवारी एक्केचाळीस झाला. बुधवारी पंचेचाळीस. रोजची रेषा वेगळ्या रंगात मारत होते, आणि दुसऱ्या दिवशी बद्द आवाज आदल्या दिवशीच्या रेषेच्या बाहेर ऐकू यायचा. कारण साधं होतं. सुटलेला भाग जितका मोठा, तितकं ते पातळ कातडं प्रत्येक लाटेला जास्त फडफडणार, आणि कडेचं रेझिन तितक्याच जोराने उचकटणार. लाट संपली की सगळं पुन्हा गुळगुळीत दिसणार.

बुधवारपासून बाबली मेस्तही यायला लागले. कारखान्यात जाणं त्यांनी बंद केलं होतं. चार किलोमीटर चालत यायचे, वाळूत बसायचे, मी नाणं मारत असताना मान कलती करून ऐकायचे. गुरुवारी त्यांनी हात पुढे केला. मी नाणं दिलं. त्यांनी चार-पाच ठिकाणी मारलं आणि माझ्या रेषेच्या बाहेर बोट टेकवलं.

"हयसर नाय. बोटभर फुडे."

मी फोनवर तपासलं. त्यांचं बरोबर होतं. माझी रेषा पावणेदोन सेंटिमीटर चुकली होती. त्यांनी कानामागची सुताराची पेन्सिल काढली, पण ती त्या गुळगुळीत बुडावर उमटेना. मग मी मार्कर दिला. त्यांनी रेषा मारली, सुताराचीच, एकदाही हात न उचलता. गुरुवारचा आकडा बावन्न.

"लाकडाची असती तर बोलली असती," ते स्वतःशीच म्हणाले. "चिरेत पाणी धरता, करकरता, सांगता माणसाक. ही बोलणा नाय."

शुक्रवारी चौसष्ट. डाग शेजारच्या डागाला जाऊन मिळाला होता, आणि आता त्याची लांबी मोजण्यात फारसा अर्थ नव्हता. मी पाचही आकडे आलेखावर मांडले. रेषा सरळ नव्हती, वर वळत होती. ती कशीही पुढे ओढली तरी पुढच्या तीन-चार दिवसांत अख्खं बूड सुटत होतं.

दादाला बाजूला घेतलं. "उद्या जाव नको."

"अकरा माणसां साताऱ्यासून इली हत. सकाळी सातचा सांगलला हा."

"मितेशाच्या होडयेन पाठय."

"म्हंजे गावभर झाला. निलेशाची होडी फुटकी. मगे सीझनभर माझ्याकडे कोण बसतला?" त्याचा आवाज चढला नव्हता. तो खरंच विचारत होता. "माका एकच सांग. उद्या बुडतली काय? होय काय नाय?"

मी कागदाकडे पाहिलं. पाच आकडे. एकच होडी. उद्या समुद्र कसा असेल, माणसं कुठे बसतील, तो संगमावर किती वेगाने जाईल, यातलं काहीच मला माहीत नव्हतं. कॉलेजात आम्हाला एक गोष्ट पक्की शिकवली होती: आकडे जेवढं सांगतात तेवढंच बोलायचं.

"उद्याच, असा सांगूक येणा नाय," मी म्हटलं.

"मगे?" तो म्हणाला आणि इंजिनाकडे वळला.

मी "होय" म्हणायला हवं होतं. घरी जाताना वाटेत तीनदा स्कूटर थांबवली, पण परत फिरले नाही. परत फिरून सांगायला माझ्याकडे सहावा आकडा नव्हता.

शनिवारी सकाळी सात वाजता वारा पश्चिमेकडून होता आणि संगमावर पांढरं दिसत होतं. साताऱ्याची अकरा माणसं केशरी जॅकेटं घालून फोटो काढत होती. दादाने एकेकाला हात देऊन होडीत घेतलं. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

बाबली मेस्त कुठून आले ते मला दिसलं नाही. धुतलेला पांढरा सदरा, पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतलेला. ते पाण्यात शिरले, होडीची कड धरली आणि कोणी काही म्हणायच्या आत आत चढले. मागच्या बाजूला, डाव्या अंगाला, तळफळीवर मांडी घालून बसले. बरोबर त्या डागाच्या वर.

"मेस्तकाका, जागा नाय हो," दादा म्हणाला.

"माका जागा नको. मी हय खाली बसलंय."

"आज कित्या? नंतर न्हेतंय तुमका."

"मी बांधललंय. मी बसतंय."

एक बाई कौतुकाने म्हणाली, "यांनी बांधली का ही? काका, फोटो काढू?" मेस्तांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. दादाने जॅकेट पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही.

"पोवूक येता काय तुमका?"

"नाय," मेस्त म्हणाले.

 दादाने जॅकेट त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि इंजिन सुरू केलं.

मी पाण्याच्या कडेला उभी राहिले. होडी शांत पाण्यातून सरळ गेली. संगमापाशी नाक वर उचललं गेलं आणि आपटलं. आवाज क्षणभर उशिराने माझ्यापर्यंत आला. पुन्हा उचललं, पुन्हा आपटलं. मी मोजत होते. सातव्या वेळी इंजिनाचा आवाज उतरला. होडी लाटांवर तशीच डोलत राहिली, ना पुढे ना मागे. 

मग तिचं नाक हळूहळू आमच्याकडे वळलं.

परत येताना दादाने तिला चालणाऱ्या माणसाच्या वेगाने आणलं. सगळ्यांना पुढे, नाकाकडे बसवलं होतं. होडी वाळूला लागली तशी माणसं कुरकुरत उतरली. "अहो, आत्ताच तर गेलो होतो!" "डॉल्फिन कुठेत?"  दादा सरळ माझ्याजवळ आला. 

"मेस्तकाकांनी माझो हात धरून तळफळयेर ठेवलो," तो हळू आवाजात म्हणाला. "लाट येता, मारता. आणि मगे, वायच थांबान, बूड हलता. लाटेवांगडा नाय गो. मागसून."

मी होडीच्या बाजूने पाण्यात शिरले. होडी ओढून वर काढेपर्यंत थांबले नाही, पाण्यातच वाकून नाणं मारलं. कालच्या रेषेवर. वीतभर बाहेर. हातभर बाहेर. कण्याच्या पलीकडे. कुठेही मारलं तरी तोच आवाज. नवी रेषा मारायला कडच उरली नव्हती.

मी बाहेर आले तेव्हा साताऱ्याची माणसं मितेशच्या होडीत चढत होती. मितेशनेच त्यांना हाक मारली होती. दोस्ताचं गिऱ्हाईक तुटू नये, माणसंही नाराज होऊ नयेत म्हणून. त्याची होडी याच वर्षीची, पांढरीशुभ्र, खाडीच्या पलीकडच्या कुठल्याशा कारखान्यातली. अकराही जणांची पुन्हा हसाहस सुरू झाली होती.

बाबली मेस्त वाळूत बसले होते. त्यांनी मान वर केली आणि त्या होडीकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"तिच्या बुडातली लाकडां माझ्या धाकट्या भावान भरली," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे वळले. दादाही वळला.

"तेल लावूक तेका मीच शिकयलंय."

दादा धावत पाण्यात शिरला, कमरेपर्यंत. "मितेश! फिर! मागे फिर रे!" त्याने दोन्ही हात वर करून हलवले. मीही ओरडले. पण इंजिनाने जोर घेतला होता. मितेशने मागे वळून पाहिलं. दादा आभार मानतोय असंच त्याला वाटलं असणार. त्यानेही हसून हात हलवला आणि होडीचं नाक संगमाकडे केलं.